वादळ थांबल्यावर जास्त भीती का वाटली?

माझी भाची दृढीकरणाच्या (कन्फर्मेशन, चर्चमधला एक संस्कार) क्लासला जाते, तिला पवित्र आत्म्याची सात दानं पाठ करायची होती. सुज्ञता, समज, सल्ला, धैर्य, ज्ञान, भक्ती इथपर्यंत गाडी छान आली आणि सातव्यावर अडली. सातवं दान म्हणजे देवाचं भय. "मावशी, भीती हे गिफ्ट कसं काय असेल? मला कुणी वाढदिवसाला भीती दिली तर मी परत करीन." मी आपलं ठरलेलं उत्तर दिलं, अगं ही आदरयुक्त भीती. त्यावर ती म्हणे, "म्हणजे प्रिन्सिपलची वाटते तशी?"

मी गप्प. कारण खरं सांगायचं तर लहानपणापासून मलाही तसंच वाटत आलंय. आदरयुक्त भीती हा शब्द ऐकला की डोळ्यापुढे स्टाफरूमचा दरवाजाच येतो. पण बायबलमध्ये देव मधे पडतो, काहीतरी करतो, आणि माणसं घाबरतात, तिथली भीती या जातीची नाहीच आहे, आणि ते एका वाक्यात सांगता येत नाही म्हणून हा एवढा लांब लेख.

आधी या सात दानांचं बघू. ही यादी बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकाच्या ११व्या अध्यायातून आली. गंमत म्हणजे मूळ हिब्रूत तिथे सात नाही, सहाच गोष्टी आहेत, आणि देवाचं भय तिथे लागोपाठ दोनदा येतं. ग्रीक भाषांतर करणाऱ्यांनी पहिल्यांदा त्या शब्दाला 'भक्ती' केलं आणि दुसऱ्यांदा 'भय' ठेवलं, तेच पुढे लॅटिनमध्ये गेलं आणि सहाचे सात झाले. म्हणजे ज्या एका हिब्रू शब्दाला आपण भीती म्हणतो त्यालाच त्या लोकांनी भक्तीही म्हटलं, आणि दोन्ही चुकीचं नव्हतं. तो शब्द यिरा. घाबरणं, दबकणं, आदर करणं, थक्क होणं हे सगळं त्या एकाच शब्दाच्या पोटात आहे.

पण शब्दाचे अर्थ सांगून भाचीचं समाधान होणार नव्हतं. मला वाटतं या भीतीचा पत्ता लावायचा सोपा मार्ग म्हणजे ती कधी वाटते ते बघायचं. आणि बायबल नीट वाचलं तर कळतं की बऱ्याचदा मोठी भीती संकटात नाही, संकट टळल्यावर येते. वाचल्यावर! हे उलटं आहे ना? आपण तर वाचलो की हुश्श करतो, चहा टाकतो.

मार्कच्या शुभवर्तमानातली, म्हणजे मार्कने लिहिलेल्या येशूच्या चरित्रातली, ४थ्या अध्यायातली वादळाची गोष्ट घ्या. ही आमच्याकडे वसईत २०२४ साली २३ जूनच्या रविवारी मिस्सात, म्हणजे चर्चच्या उपासनेत, वाचली गेली, दर तीन वर्षांनी येते, आणि जूनमध्ये ती ऐकायला वेगळीच वाटते कारण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढून ताडपत्रीखाली, आणि चर्चमध्ये अर्धे पुरुष असे बसलेले ज्यांना वारा म्हणजे काय ते पुस्तकात वाचावं लागत नाही.

गोष्ट छोटी आहे. संध्याकाळ झालीय, येशू शिष्यांना म्हणतो चला पलीकडे जाऊ. गालीलचा समुद्र म्हणतात पण ते खरं तर गोड्या पाण्याचं तळं आहे, साधारण २१ किलोमीटर लांब आणि १३ किलोमीटर रुंद. तळं म्हटल्यावर आपल्याला वाटतं त्यात काय एवढं, पण ते समुद्रसपाटीपासून सुमारे २१० मीटर खाली आहे, आजूबाजूला उंच डोंगर, वरची थंड हवा उतारावरून घसरत खालच्या गरम हवेवर येऊन आदळते आणि पाणी बघता बघता खवळतं. १९८६ मध्ये दुष्काळ पडून पाणी खाली गेलं तेव्हा तिथल्या चिखलात एक जुनी लाकडी होडी सापडली, साधारण येशूच्याच काळातली. ८.२ मीटर लांब, २.३ मीटर रुंद. वेगवेगळ्या जातीच्या लाकडांचे तुकडे जोडून जोडून दुरुस्त केलेली, म्हणजे मालक काही पैसेवाला नव्हता, मिळेल ती फळी ठोकून चालवत होता. येशू त्याच होडीत बसला होता असं कुणी म्हणू नये, तसा काही पुरावा नाही, पण होड्या कशा होत्या ते तरी कळतं. आता तेवढ्याशा होडीत दहाबारा जण, रात्रीची वेळ, लाटा आत यायला लागल्यात, आणि येशू मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपलाय. मार्कने ती उशी का लिहिली कोण जाणे, पण मला ती उशी फार आवडते.

शिष्य त्याला उठवतात, आणि बोलतात पण कसं, आम्ही मरतोय त्याचं तुम्हाला काहीच नाही? हे प्रार्थनेच्या सुरात नाही, हे वैतागलेल्या माणसाचं बोलणं आहे. येशू उठतो, वाऱ्याला दटावतो आणि पाण्याला म्हणतो गप्प, उगा राहा. इथे जे ग्रीक क्रियापद आहे त्याचा मूळ अर्थ मुसकी घालणं, मळणीच्या वेळी बैलाने धान्य खाऊ नये म्हणून त्याच्या तोंडाला बांधतात ती मुसकी. समुद्राच्या तोंडाला मुसकी! आणि वारा पडतो, सगळं निवांत.

आता इथे गोष्ट संपायला हवी होती. सगळे आनंदले, टाळ्या, देवाची स्तुती. पण मार्क लिहितो की त्यांना मोठी भीती वाटली. वादळ चालू असताना नाही, थांबल्यावर.

मार्कने हे मुद्दाम केलंय, ग्रीकमध्ये ते सरळ दिसतं. या सात वाक्यांत 'मेगास' म्हणजे मोठा हा शब्द तीनदा येतो (मुंबई लोकलच्या रविवारच्या मेगाब्लॉकमधला तोच मेगा, आमच्या वेस्टर्न रेल्वेवाल्यांचा जम्बो असतो ते सोडा). मोठं वादळ, मग मोठी शांतता, मग मोठी भीती. शिवाय भीतीला त्याने दोन वेगळे शब्द वापरलेत. वादळाला घाबरल्याबद्दल येशू त्यांना विचारतो की तुम्ही असे भित्रे का, तिथला शब्द म्हणजे भित्रा, पळपुटा, हाय खाल्लेला. नंतरच्या भीतीला मात्र 'फोबोस', आणि तोही मोठा. पहिल्या भीतीवर येशू बोलला. दुसरीवर एक शब्द बोलत नाही. ती तो तशीच राहू देतो.

त्या मिस्सानंतर चर्चबाहेर आमच्या ओळखीचे एक म्हातारे तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचे प्रमुख, उभे होते, आयुष्य डोल जाळ्याच्या मासेमारीत गेलेलं, त्यांना मी सहज म्हटलं की वादळ थांबल्यावर काय घाबरायचं. ते माझ्याकडे असे बघायला लागले की हिला काय समजवायचं. मग म्हणाले, "वारा पडला म्हणून लाट लगेच बसते का? वारा पडला तरी पाणी किती वेळ हलत राहतं. एका शब्दात पाणी ताटासारखं झालं तर मी होडीतून उडी टाकीन." मला तेव्हा पहिल्यांदा ही गोष्ट कळली. पेत्र, अंद्रिया, याकोब, योहान हे चौघे त्याच तळ्यावर वाढलेले मच्छीमार. वादळ त्यांनी आधी पाहिलेलं, त्यात बुडालेली माणसंही पाहिली असतील. वादळ ओळखीचं होतं. ही शांतता ओळखीची नव्हती. आपल्यासारखा शहरी माणूस तिथे असता तर देवा वाचवलंस म्हणून मोकळा झाला असता, घाबरायला धंद्यातलं कळावं लागतं.

आणि दुसरं एक. हे सगळे ज्यू होते, शास्त्र तोंडपाठ, समुद्र कुणाच्या हातात असतो हे त्यांना लहानपणापासून माहीत. त्या रविवारी पहिलं वाचन ईयोबच्या ३८व्या अध्यायातलं असतं, तिथे देव वावटळीतून विचारतो की समुद्राला दारं कुणी लावली, इथपर्यंतच ये, पुढे नाही, असं त्याला कोण म्हणालं. स्तोत्र १०७ मध्येही दर्यावर्दी लोक हाक मारतात आणि देव वादळ शांत करतो. योनाच्या गोष्टीत तर सेम सीन, जहाज, वादळ, आत गाढ झोपलेला माणूस, जहाजाचा कप्तान त्याला उठवतो, आणि समुद्र शांत झाल्यावर खलाशांना परमेश्वराची मोठी भीती वाटते. फरक एवढाच की योनाला समुद्रात फेकावं लागलं तेव्हा वादळ थांबलं, इथे झोपलेल्यानेच उठून थांबवलं. समुद्राला गप्प करणारा एकच असतो हे माहीत असलेली माणसं, आणि तो एक आत्ता आपल्या होडीत, ओले कपडे, केस विस्कटलेले, चार हातांवर बसलाय. म्हणून ते एकमेकांना विचारतात, हा आहे तरी कोण? त्याला विचारत नाहीत बरं का. एकमेकांना.

तर ही ती भीती. याने आपल्याला काही होईल अशी नाही. आपण ज्याला ओळखतो असं समजत होतो तो आपल्या समजुतीपेक्षा केवढा तरी मोठा निघाला, याची.

आता हे एकदा लक्षात आलं की सगळीकडे दिसायला लागतं. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या १४व्या अध्यायात मिसरच्या गुलामीतून निघालेले इस्राएली लोक, पुढे समुद्र, मागे मिसरचा राजा फारो याचे रथ, लोक प्रचंड घाबरलेले, त्यांचा नेता मोशे म्हणतो भिऊ नका. समुद्र दुभंगतो, ते पार होतात, मिसरी लोकांची प्रेतं किनाऱ्याला लागलेली ते बघतात, आणि मग लिहिलंय की लोकांना परमेश्वराचं भय वाटलं आणि त्यांनी विश्वास ठेवला. अध्यायाच्या सुरुवातीला भीती, शेवटालाही भीती, हिब्रू शब्दही तोच, फक्त कुणाची ते बदललं. हिब्रूत बघणं आणि भिणं हे दोन शब्द कानाला इतके जवळचे आहेत की ते वाक्य मोठ्याने वाचलं तर पाहिलं आणि भ्याले हे एकमेकांत मिसळून जातात. त्याहून भारी वाक्य निर्गम २०:२० मध्ये आहे. सीनाय डोंगरावर गडगडाट, धूर, शिंगांचा आवाज, लोक लांब उभे राहून थरथरतायत, आणि मोशे त्यांना एकाच दमात सांगतो की भिऊ नका, आणि देव यासाठी आलाय की त्याचं भय तुमच्यासमोर राहावं. भिऊ नका आणि भय राहू द्या! एकाच वाक्यात. म्हणजे त्या काळीही लोकांना माहीत होतं की एक भीती दुसरीला हाकलते.

लूकच्या ५व्या अध्यायातला पेत्र तर मला फारच आपला वाटतो. रात्रभर जाळं टाकून हाती काही लागलेलं नाही, सकाळी जाळी धुतायत, येशू म्हणतो पुन्हा टाक. सुतारकाम करणाऱ्या घरातला माणूस मच्छीमाराला सांगतोय मासे कुठे आहेत. पेत्र मनातल्या मनात काय म्हणाला असेल ते जाऊ द्या, पण टाकतो. आणि दोन होड्या बुडायला येतील एवढे मासे. तुम्ही आम्ही असतो तर पहिला विचार भावाचा केला असता, बाजारात आज काय रेट. पेत्र त्या माशांच्या ढिगात येशूच्या पायाशी पडून म्हणतो, प्रभू, माझ्यापासून लांब जा, मी पापी माणूस आहे. जाळं टाकायच्या आधी तो त्याला गुरुजी अशा अर्थाच्या शब्दाने हाक मारतो, नंतर प्रभू. कुणी त्याला पापी म्हटलं नव्हतं, कुणी ओरडलं नव्हतं, मिळाले होते फक्त मासे. भरभरून मिळाल्यावर आपण कोण आहोत ते दिसलं. उजेड जास्त झाला की घरातली जळमटं दिसतात तसं.

आणि नाताळ! आपल्या गोठ्यातले मेंढपाळ बघा, प्लास्टरचे, गोड हसणारे, खांद्यावर कोकरू. लूक २:९ मध्ये त्यांच्याबद्दल ग्रीकमध्ये अगदी तेच शब्द आहेत जे मार्कने होडीतल्या शिष्यांसाठी वापरले, त्यांना मोठी भीती वाटली. रात्र, उघडं माळरान, आणि एकदम सगळीकडे लख्ख. देवदूताला पहिलं वाक्य भिऊ नका असंच बोलावं लागतं, जखऱ्याला तेच, मरियेलाही नमस्कारानंतर तेच. आणि मग म्हणतो मी मोठा आनंद सांगतोय, म्हणजे परत तो मेगास, मोठ्या भीतीच्या जागी मोठा आनंद.

'भिऊ नको' बायबलमध्ये ३६५ वेळा आहे, वर्षाच्या दर दिवसाला एक, असा फॉरवर्ड दर जानेवारीत आमच्या ग्रुपवर येतो. कृपा करून तो पुढे पाठवू नका, मोजून बघितलं तर तेवढे काही भरत नाहीत. पण खूप वेळा आहे हे खरं. यशया ४१:१० मधलं भिऊ नको, मी तुझ्याबरोबर आहे, हे मी एकदा रिक्षात बसून पाठ करत होते आणि समोर ड्रायव्हरच्या डोक्यावर स्वामी समर्थांचा स्टिकर, भिऊ नकोस मी तुझ्या पाठीशी आहे. मला हसूच आलं. माणसाला ऐकायचं तेच असतं, कुठूनही.

मराठीत या भीतीला नेमका शब्द काय हा माझा जुना छंद आहे. धाक नाही, धाक बापाचा आणि छडीचा. दरारा नाही, तो इन्स्पेक्टरचा, त्यात समोरच्याला आपण घाबरलेले आवडतो. वचक तर नाहीच. पापभीरू हा शब्द मला जवळचा वाटतो, कारण पापभीरू माणूस म्हटलं की कुणी त्याला भित्रा समजत नाही, उलट त्याच्याकडे घराची किल्ली ठेवून गावाला जातात. पण त्यात थरार नाही. स्तिमित होणं यात थरार आहे पण भीती नाही. सगळ्यात जवळचं कदाचित अंगावर काटा येणं, वाचा बसणं, ही शरीराची भाषा. गीतेच्या ११व्या अध्यायातला अर्जुन आठवा, विश्वरूप दाखव म्हणून त्यानेच मागितलं, दिसल्यावर म्हणतो आनंदही झालाय आणि भीतीने मन थरथरतंय, आता ते नेहमीचं रूप दाखव. रूडोल्फ ओटो नावाच्या जर्मन धर्मपंडिताने १९१७ साली याच अनुभवावर लिहिलं, थरकाप उडवणारं आणि तरीही आपल्याकडे ओढून घेणारं गूढ असं तो म्हणतो, आणि त्यानेही उदाहरण म्हणून हाच अध्याय घेतला होता. पळावंसं वाटतं आणि पायही हलत नाही. दोन्ही एकदम. एकच असेल तर ती ही भीती नव्हे.

सगळंच असं छान जुळतं असं मात्र नाही. २ शमुवेल ६ मध्ये दावीद राजा कराराचा कोश, म्हणजे दहा आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी, गाडीवरून वाजतगाजत नेत असतो, बैल अडखळतात, उज्जा नावाचा माणूस कोश पडू नये म्हणून हात लावतो आणि जागीच मरतो. मी याची स्पष्टीकरणं खूप ऐकलीत, कोश खांद्यावर दांड्यांनी न्यायचा नियम होता, गाडीवर ठेवायलाच नको होता वगैरे, नियम खरा आहे, पण मला ती गोष्ट अजून पचलेली नाही. बरं वाटतं एवढंच की दावीदलाही पचली नाही. तिथे लिहिलंय की त्याला राग आला, आणि त्याच दिवशी तो परमेश्वराला भ्याला, आणि कोश घरी न्यायचं त्याने रद्द केलं. शास्त्रात राजाचा राग खोडलेला नाही.

मग योहानच्या पहिल्या पत्रातलं ते वाक्य, परिपूर्ण प्रेम भीतीला घालवून देतं, त्याचं काय? हा प्रश्न भाचीने नाही, तिच्या आईने विचारला. ते पुढचं अर्धं वाक्य वाचायचं, तिथे लिहिलंय की भीतीत शिक्षा असते. म्हणजे योहान शिक्षेच्या भीतीबद्दल बोलतोय. तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी याची सरळ वाटणी केली, एक गुलामाची भीती, मालक मारेल म्हणून, आणि एक लेकराची भीती, आई दुरावेल म्हणून. प्रेम वाढेल तशी पहिली कमी होते, दुसरी वाढते. घरात नवीन बाळ पहिल्यांदा हातात घेताना हात कापतात ना, बाळ आपल्याला काय करणार आहे? मी भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली मला तर बाळ घ्यायला कुणी देतच नाही. असो.

मार्कचं शुभवर्तमान मुळात संपतं तेही याच भीतीवर. ४थ्या शतकातल्या दोन सगळ्यात जुन्या पूर्ण हस्तलिखितांत ते १६:८ ला थांबतं. बायका पहाटे कबरेपाशी जातात, दगड सरकलेला, आत पांढऱ्या झग्यातला तरुण सांगतो तो उठलाय, आणि त्या थरथरत पळत सुटतात, कुणाला काही सांगत नाहीत, कारण त्या भ्याल्या होत्या. संपलं. पुढच्या ओळी नंतर जोडल्या असं बहुतेक अभ्यासक मानतात, आणि का जोडल्या असतील ते समजतं, असा शेवट कुणाला झेपणार. पण ज्याने होडीची गोष्ट तशी सोडली तो माणूस पुस्तकही तसंच सोडणार.

होडी सकाळी पलीकडे लागली तेव्हा काय झालं ते सांगायचं राहिलंच. ५वा अध्याय. गरसेकरांचा प्रदेश, तिथे थडग्यांमध्ये राहणारा एक माणूस, साखळ्या तोडायचा, रात्रंदिवस ओरडायचा, दगडांनी स्वतःचं अंग ठेचायचा. येशू त्याच्यातली भुतं काढून त्याला बरं करतो, ती भुतं डुकरांच्या कळपात शिरतात आणि कळप तळ्यात बुडतो. गावकरी धावत येतात आणि बघतात तर हा माणूस कपडे घालून, भानावर येऊन, शांत बसलाय. आणि मार्क लिहितो, ते भ्याले. परत तेच, ओरडत होता तेव्हाचं माहीत नाही, बरा झालेला बघून भ्याले. पण इथे ते एकमेकांना हा कोण असं विचारत नाहीत. ते येशूला विनवतात की आमच्या हद्दीतून निघून जा. बुडालेली डुकरं त्यांची होती, सुमारे २०००, तो हिशेबही असेल. तीच भीती, एकांनी होडी सोडली नाही, दुसऱ्यांनी होडीच परत पाठवली.

येशू वाद घालत नाही, होडीत चढायला लागतो. आणि तो बरा झालेला माणूस मागे येऊन म्हणतो मलाही घ्या तुमच्याबरोबर. शिष्य आत बसलेले, कालच्या रात्रीने अजून गप्पच असतील. येशू त्याला घेत नाही. म्हणतो तू घरी जा, तुझ्या लोकांकडे.